नाथामामांचा हात

नाथामामा माणसाची ओळख करून घेण्याआधी त्याला मारायचे. रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात नवा माणूस आला, की पहिल्या आठवड्यात कधीतरी तो टाकीच्या तोंडातून आत डोकावणारच. आत काय आहे ते बघायची खाज कुणाला नसते? तेवढ्यात मागून कानाखाली अशी बसायची, की माणूस लोखंडी जाळीवर आडवा. मग मामा त्याला उठवून चहा पाजायचे आणि नाव विचारायचे.

मीही डोकावले. सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी. करून नुकतीच रुजू झाले होते, डोक्यात हवा होती. मामांचा हात वर गेला आणि तसाच थांबला. मग त्यांनी माझ्या हातातला काचेचा चंबू काढून घेतला आणि खाली फरशीवर आपटला. दहा दिवस जपून वाढवलेली माझी हिरवी बुरशी त्यात होती.

"बाईमानसावर हात टाकीत नाय, बाय," ते म्हणाले. "म्हनून बाटली फोरली."

मी रागाने रडले. हा माणूस रानटी आहे, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

आमच्याकडे पेणहून ट्रक भरभरून भाताचा पेंढा यायचा. तो वाफेत शिजवायचा, मग बुरशीकडून बनवून घेतलेलं एन्झाइम त्यात सोडायचं. ते पेंढ्याचे धागे तोडून त्याची साखर करतं. ती साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल तयार होतं. सातवी शिकलेले मामा हे सगळं नाकाने ओळखायचे. सारसोळ्याचे कोळी ते. खाडीत मासळी उरली नाही तेव्हा होडी विकून इथे लागले होते. टाकीत नको ते जीवाणू शिरून माल आंबला, की आमच्या प्रयोगशाळेच्या आधी त्यांना कळायचं. मग ते मोठा पाना घेऊन पाइपांवर दणादण घालत फिरायचे, घाण कुठल्या वाकणात लपली आहे ते शोधायचे आणि जीवाणूंच्या आईबहिणीचा उद्धार करत वाफ सोडायचे. ते बघताना त्या जीवाणूंची मलाही दया यायची.

यीस्टवर मात्र त्यांचा जीव होता. पण भीतीही होती. "जीव हाय तं श्वास हाय," असं ते सारखं बजावायचे. "त्यानी सोडलेला श्वास आपल्या पोटात गेला का आपन खलास." खरंच होतं ते. यीस्ट साखर खाता खाता कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो हवेपेक्षा जड. टाकी रिकामी केली तरी तळाशी बसून राहतो आणि दिसत नाही. पंखा लावून तो बाहेर काढल्याशिवाय मामा कुणाला शिडीला हात लावू द्यायचे नाहीत. दुसरं त्यांचं वाक्य ऐकून मला शिसारी यायची: "टाकीत परला तो परला. त्याच्या मागं जाईल तो माज्या हातानं मरंल."

एका दुपारी मामा जेवायला गेले असताना ठेकेदाराच्या मुकादमाने घाई केली आणि पंखा न लावताच सुरेशला टाकी धुवायला उतरवलं. सुरेश आणि त्याचा धाकटा भाऊ विलास, दोघे साताऱ्याकडचे, कंत्राटावर होते. सुरेश शिडीच्या शेवटच्या पायरीवरून पोत्यासारखा खाली पडला. मी वरच होते. विलास ओरडत धावला, त्याने एक पाय आत टाकलाही. तेवढ्यात मामा जिना चढून आले. त्यांनी विलासला केसांना धरून मागे ओढलं.

"सोडा मला, दादा हाय माझा," विलास त्यांना चावत होता, लाथा घालत होता.

मामांनी पाना उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. एकदा, दोनदा, तीनदा. जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग ते त्याच्या छातीवर बसले आणि तिथूनच पंखा लावा, दोर आणा म्हणून ओरडत राहिले. त्यांच्या उघड्या हातावरून विलासचं रक्त ओघळत होतं. पंखा लागला, दोर बांधून माणूस उतरला, सुरेशला वर काढलं. तो गेला होता.

चौकशी झाली. मला काय दिसलं ते लिहून द्यायला सांगितलं. मी दिसलं तेवढंच लिहिलं: कामगाराला पान्याने तीन वेळा तोंडावर मारलं, नंतर छातीवर बसले. का मारलं, हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही लिहिलं नाही. त्या कागदावर मामांना काढून टाकलं. मुकादम दुसऱ्या ठेकेदाराकडे कामाला लागला. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

शेवटच्या दिवशी मामा आपला डबा आणि चपला घेऊन गेटवर आले, तेव्हा विलास तिथे उभा होता. जबड्याला तारा बांधलेल्या. त्याने लोखंडी सळई मामांच्या पाठीत घातली. मामा गुडघ्यावर आले. वॉचमन धावला, तर मामांनीच त्याला हाताने थांबवलं. "मारू दे," म्हणाले, "जिता हाय म्हनून मारतोय." विलासने अजून दोन घातल्या आणि सळई टाकून रडत बसला.

दोन वर्षांनी, धीर करून, मी सारसोळ्याला गेले. मामा दारात जाळं सांधत बसले होते, फार खंगले होते. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी शर्टाची दोन बटणं सोडून डावा खांदा दाखवला. हाड वेडंवाकडं जुळलं होतं. त्यांच्या तरुणपणी एकदा होडीच्या पोटातली मासळी ठेवायची जागा आठवडाभर बंद राहिली होती, त्यांनी सांगितलं. मासळी कुजून आत वायू झाला. साफ करायला बाप उतरला तो पडला, त्याच्या मागे चुलता उतरला तोही पडला. बावीस वर्षांचे नाथामामा तिसरे उतरत होते, तेव्हा आईने वल्हं घालून त्यांचा खांदा मोडला.

"ती मरेपर्यंत बोललो नाय मी तिच्याशी," मामा म्हणाले. "बाप मेला त्याचा राग तिच्यावर काढला."

मी विलासचं सांगितलं. कंपनीने त्याला सुरेशच्या बदल्यात कायम केलं होतं आणि आता टाक्या त्याच्याकडेच होत्या. डाव्या बाजूने त्याला अजून चावता येत नाही. मामांचं नाव निघालं की तो थुंकतो. हेही मी लपवलं नाही.

मामांनी जाळं खाली ठेवलं.

"मारतो का?" त्यांनी विचारलं.

मी ओढणी बाजूला करून बाही वर सरकवली. दोन दिवसांपूर्वी तळाचा नमुना घ्यायला मी घाईघाईत टाकीच्या तोंडात वाकले होते. विलासने दंडाला धरून मला असं मागे भिरकावलं, की मी जाळीवर चार हात लांब जाऊन पडले. बाईमाणसाची सवलत त्याच्याकडे नव्हती. पाचही बोटं काळीनिळी उमटली होती.

मामांनी चष्मा लावला. माझा दंड उजेडाकडे वळवून एकेक बोट नीट पाहिलं.

"बरा हाय," ते म्हणाले, आणि आतल्या सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं.