जनेलावरचा फोन

आई गेली तेव्हा मी डिचोलीत होतो. काजूच्या कारखान्यात सर्व्हरचं झाकण उघडून बसलो होतो. व्यवस्थापकांनी येऊन माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, घरी चला, मी सोडतो.

शेजारच्या काकीने आमच्या घरच्या फोनवरून शेवटचा नंबर लावला होता. तो कारखान्याचा निघाला, कारण सकाळी आई त्यांच्याशीच बोलली होती. मी घरातून भायर सरलो आहे, निघालो आहे आणि म्हापशात पाव घ्यायला थांबलो नाही तर वेळेवर पोचेन, असं तिने त्यांना सांगितलं होतं.

मी एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत फील्ड इंजिनीअर आहे. कंपनी सर्व्हर, नेटवर्क आणि त्यांच्यावर चालणाऱ्या व्यवस्था विकते. त्या ग्राहकाच्या जागेत बसवायच्या, चालत्या ठेवायच्या आणि बंद पडल्या की ग्राहकासमोर उभं राहायचं, हे माझं काम. पेडणे आणि डिचोली हे गोव्यातले दोन तालुके माझ्याकडे होते. कारखाने, शाळा, मोप्याच्या विमानतळाच्या वाटेवरची नवी हॉटेलं. कंपनीने दिलेल्या फोनला यांतल्या निम्म्या रस्त्यांवर रेंज नसे. चोपड्याच्या आमच्या घरात माझा जुना फोन मात्र चाले, तोही फक्त नदीकडच्या जनेलावर, खिडकीच्या कट्ट्यावर, ठेवला तर. जनेलापासून हातभर आत आणला की तो मुका होई. म्हणून तो कायम तिथेच असायचा आणि त्याच्याजवळच्या कदेलावर, लाकडी खुर्चीत, आई.

ग्राहकांना हे हळूहळू कळलं. मला लावलेला फोन लागत नाही, घरी लावला की काम होतं. मी सकाळी कुठे जाणार ते आईला सांगून निघत असे. दुपारी कुठूनतरी तिला फोन करायचो आणि ती निरोप सांगायची. पुढे ती निरोप घेण्यावर थांबेना. कोणी मशीन चालत नाही म्हटलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "बंद करून परत चालू केलंस काय?" पुष्कळदा एवढ्यानेच काम व्हायचं. मग ती मला सांगायची की हॉटेलवाल्याचं मी केलं, तू आता थेट डिचोलीला जा. एकदा बंगळूरहून माझ्या साहेबांचा फोन आला, तेव्हा तिने त्यांनाही तोच प्रश्न विचारला. साहेब इंग्रजीत काहीतरी म्हणाले. ती मला म्हणाली, भला माणूस वाटला, पण त्याचं मशीन काय ठीक होईल असं दिसत नाही.

कंपनीचा नियम वेगळा होता. तक्रार कंपनीच्या नंबरवर नोंदवायची, तिला क्रमांक पडायचा, मग मी जायचं. तो नंबर प्रत्येक मशीनवर चिकटवलेला असे. आमच्याकडे उलट चाले. लोक आईला सांगत, आई मला सांगे आणि काम करून झाल्यावर ग्राहकाच्या वतीने तक्रार मीच नोंदवत असे. त्यामुळे कागदोपत्री सगळं सुरळीत दिसायचं.

सुतकाचे दिवस मी त्याच कदेलावर काढले. हातात पुस्तक असायचं, पान उलटत नसे. फोन जनेलावर होता. माझ्याजागी कंपनीने कोणाला पाठवलं नव्हतं, म्हणून तो वाजेल अशी माझी अपेक्षा होती. वाजला असता तर बरं वाटलं असतं. पण नातेवाइकांचे दोन-चार सोडले तर फोन आलेच नाहीत. समाचाराला लोक येत, बसत, नदीकडे बघत, उठून जात.

कारखान्याचे व्यवस्थापकही आले. मूळचे दोडामार्गकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. आई त्यांना फोनवर 'काजूवालो' म्हणायची आणि ते तिला मावशी. त्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तिचा फोटो बराच वेळ बघितला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, उघडा टाकून आलो होतो तो सर्व्हर नीट चालला आहे ना?

ते म्हणाले, "सगळां बरां आसा. तुमी त्येचो इचार करू नकात."

बारावं झाल्यावर मी कामावर गेलो. कारखान्यात पॅकिंगच्या टेबलाशी बायका डब्यांवर हाताने लेबलं लिहीत होत्या. वजन, प्रत, तारीख, सगळं पेनाने. आत सर्व्हर बंद होता. मी झाकण उघडून ठेवलं होतं ते कोणीतरी वर्तमानपत्राने झाकलं होतं, धूळ जाऊ नये म्हणून. वीज कमीजास्त होऊन त्याचा एक भाग जळला होता. बदलायला फार वेळ लागला नाही.

मी व्यवस्थापकांना विचारलं की हे कधीपासून. त्यांनी सांगितलं की समाचाराला आले त्याच्या आदल्या दिवसापासून. मग कळवलं का नाही?

"सुतक होता तुमच्या घरात. फोन कसो करूचो?"

मी मशीनवरची चिठ्ठी दाखवली. कंपनीचा नंबर होता ना.

ते जरा हसले. "थंय कोण उचलता, आमका काय म्हायत?" मग म्हणाले, बायकांना विचारा, त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. एक बाई मान वर न करता म्हणाली, कुरकुर केली होती, पण मावशीमुळे नाही, पेन गळत होतं म्हणून. सगळ्या हसल्या. मीही हसलो.

इतर ठिकाणीही हेच निघालं. मोप्याच्या वाटेवरच्या हॉटेलात पाहुण्यांना वायफाय नव्हतं, मालकाने त्यांना समुद्रावर जा म्हणून सांगितलं होतं. एका शाळेने संगणकाचा तास बंद ठेवून मुलांकडून निबंध लिहून घेतले होते. मेलेल्या माणसाच्या घरी कामाचं बोलू नये ही आमच्याकडची रीत. ती सगळ्यांनी पाळली होती, एकमेकांना न विचारता.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी व्हिडिओ कॉलवर बोलावून घेतलं. त्यांनी आईबद्दल आधी विचारलं, मनापासून विचारलं. मग म्हणाले, तुमच्या रजेच्या काळात गोव्यातून एकही तक्रार आली नाही. माणूस नसतानाही तिथलं काम चालतं, असं वरच्यांना वाटतं. तिथली जागा बंद होते आहे. तुमच्यासाठी पुण्यात जागा ठेवली आहे.

पुणं मला आधीही देऊ केलं होतं. आई आहे, एवढंच सांगून मी नाही म्हणत असे. आता ते सांगता येत नव्हतं. आणि आता नाही म्हणायचं ते आईसाठी नाही, मलाच त्या घरात राहायचं आहे म्हणून, हे मला त्याच वेळी कळलं. मी सुतकाबद्दल सांगितलं. साहेब आंध्राकडचे, त्यांना ते समजावून द्यावं लागलं नाही. ते म्हणाले, पण त्यांच्याकडे कंपनीचा नंबर होता. ते खरंच होतं. ग्राहक लिहून देत असेल तर मी वर पाठवतो, असंही म्हणाले.

व्यवस्थापकांना मी बदलीचं सांगितलं. कारण सांगणार नव्हतो, पण त्यांनी ते काढून घेतलं. त्यांनी हातातला काजू सोलून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, मी लिहून देतो, मशीन बंद होतं आणि आम्ही कळवलं नाही. ते कागद शोधायला लागले. मी त्यांना थांबवलं. त्यांचे मालक पणजीत राहत. हाताने लेबलं लिहिल्याचं त्यांना माहीत नव्हतं आणि ते पत्र कधीतरी त्यांच्यापर्यंत पोचलं असतं. व्यवस्थापकांची मुलगी त्या वर्षी कॉलेजात जाणार होती. मी म्हटलं, राहू दे. त्यांनी विचारलं, मावशी काय म्हणाली असती? मी त्यांचा उघडा खण लावून घेतला.

आता मी पुण्यात असतो. चोपड्याच्या घराची चावी शेजारच्या काकीकडे आहे, ती आठवड्यातून एकदा जनेलं उघडते. जुना नंबर मी सोडला नाही. काजूवाले त्यावर फोन करतात. मी त्यांना आईचाच प्रश्न विचारतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर त्यांची तक्रार नोंदवतो. इथे तो फोन घरात कुठेही लागतो.