माहेरच्या नावाचं तिकीट

राजू ढेबे आसामात बोगद्याच्या कामावर पोकलेन चालवायचा. दरड अंगावर येऊन तो गेला, हे संजीवनीला बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत फोनवर कळलं. तिने गॅस बंद केला, भाताचं पातेलं खाली उतरवलं आणि शेजारच्या उज्वलाला जाऊन सांगितलं. उज्वला रडायला लागली, तेव्हा संजीवनीनेच तिला पाणी आणून दिलं.

थोड्या वेळाने कंपनीतल्या प्रितम नावाच्या माणसाचा फोन आला. ओळख पटवायला घरचं माणूस लागेल, विमानाची तिकिटं कंपनी काढते, नावं सांगा. तिने सांगितलं, आबाजी ढेबे आणि संजीवनी ढेबे.

"पासपोर्ट लागत नाही, आसाम आपल्याच देशात. पण फोटोचं सरकारी ओळखपत्र आणा. मूळ. झेरॉक्स चालत नाही."

"बरं," ती म्हणाली.

सासरे आबाजी आंबेनळी घाटातल्या वाडीवरून, गुरं भावकीच्या हवाली करून उतरले. मशीनवर हाताचे ठसेच उमटत नसल्याने त्यांचं आधार कार्ड कधी झालं नव्हतं. त्यांनी खिशातून मतदानाचं कार्ड काढून दाखवलं.

"यावर घेतील का गो?"

"घेतात म्हणाले, मामा."

मुंबईत विमानतळाच्या दारातल्या जवानाने त्यांचं कार्ड पाहून त्यांना आत सोडलं. संजीवनीचं मात्र त्याने तिकिटाशी दोनदा ताडून पाहिलं. तिकिटावर ढेबे होतं, आधारवर संजीवनी चांगू आखाडे. लग्नानंतर राजू सुट्टीवर आला की म्हणायचा, या खेपेला तुझं नाव बदलून घेऊ. एकदा दोघं पोलादपूरला आधार केंद्रावर गेलीही, पण त्या दिवशी मशीन बंद होतं. मग तो कामावर परत गेला.

"लग्नाचा दाखला?" जवानाने हिंदीत विचारलं. तो त्यांनी काढलाच नव्हता. कशासाठी चाललाय, हे त्याने विचारलं आणि तिने सांगितलं. त्याने कार्ड तिच्या हातात परत दिलं आणि म्हणाला, "नाव जुळल्याशिवाय मला सोडता येत नाही, बहन."

आबाजी बाहेर आले. एकटं जायला ते तयार होईनात. विमान गेलं.

"कार्डावरचंच नाव सांगायचं होतं ना, ताई," प्रितम फोनवर म्हणाला.

"तुम्ही माझं नाव विचारलंत."

दोघांची दुसरी तिकिटं निघाली, तिचं माहेरच्या नावाने. तोवर दोघं बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

"आपण खोटं तर नाय ना सांगत?" आबाजींनी विचारलं.

"नाय, मामा. बापाचं नाव हाय."

तिकडे दवाखान्यात तोंडावरचं कापड काढायला नको म्हणाले. संजीवनीने पाय बघितले. उजव्या पायाची करंगळी लहानपणी विळ्याने तुटलेली होती.

"हेच," ती म्हणाली.

ताब्याच्या कागदावर मात्र राजूचे वडील म्हणून आबाजींचा अंगठा घेतला. त्यांच्या कार्डावर ढेबे होतं. बायको म्हणून तिची सही कुणी मागितली नाही, तिनेही विचारलं नाही.

परतीच्या विमानात पेटी खाली सामानात होती आणि ही दोघं वर खुर्च्यांवर. विमानात खाणं वाटणाऱ्या मुलीने उपम्याचा डबा पुढे केला, तो संजीवनीने घेतला आणि सगळा खाल्ला. आबाजी खिडकीतून खालचे ढग बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "राजू पन असाच गेला आसंल गो, बघत बघत." तिने त्यांचा सैल झालेला पट्टा नीट लावला.

वाडीवर सगळं उरकलं. तेराव्यानंतर आबाजी म्हणाले, "पोलादपूरला जाऊन तुझं नाव करून घेऊ. ढेबे."

"राहू द्या, मामा."

ती बिरवाडीला परतली आणि कारखान्यात पॅकिंगला उभी राहिली. नवीन सुपरवायझरने हजेरी बघून विचारलं, इतके दिवस कुठे होता?

"आसामला गेले होते. विमानाने."

"फिरायला?"

"नाय," ती म्हणाली. "मालकांना आणायला."

आणि पुढचा खोका ओढून तिने त्याला चिकटपट्टी लावली.