तिनं बरोबर वाचलं होतं

घरातल्या कुठल्याही लग्नात जेवणं आटोपली, की मला बोर्डाची गोष्ट सांगायला लावतात. मीही आढेवेढे घेतो आणि सांगतो. पण त्या गोष्टीत खरं काय घडलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

आधी एक क्षुल्लक बाब. मला कानडी वाचता येत नाही. बोलता येतं, भांडताही येतं. पण शाळा झाली महाराष्ट्रात, चंदगडला मामाकडे. बेळगावात परत आल्यावर अक्षरं शिकायची राहून गेली. बसस्टँडवर मी ‘चष्मा विसरलो बघा’ म्हणून शेजारच्याला विचारतो. चष्मा खिशातच असतो.

मग आमची तनू पहिलीत गेली. पहिलीत पोरं काय शिकतात? रांगेत उभं राहायचं, बोट वर केल्याशिवाय बोलायचं नाही, डब्याचं झाकण आपलं आपण उघडायचं. आणि आमच्याकडे मराठी शाळेतसुद्धा कानडी अक्षरं. रोज संध्याकाळी ती पाटी दाखवायला यायची. मी कपाळाला आठी घालून तपासायचो, ‘शाबास’ म्हणायचो. एकदा मी पाटी उलटी धरली होती. तिनं ती सरळ करून दिली.

त्या साली निपाणीला आक्काच्या नातवाचं बारसं होतं. बायको आदल्या दिवशीच गेलेली. मी आणि तनू स्टँडवर. निपाणीची गाडी नेहमी लागते तिथंच एक गाडी उभी होती, बोर्ड कानडीत. विचारावं कुणाला तरी? पण रोज पाटी तपासणारा बाप — पोरीसमोर कसं विचारणार?

“चल, चढ,” म्हटलं.

तिनं माझा हात ओढला. “आप्पा, ही न्हवं. हिला पयलं ‘जा’ हाय. निपाणीला ‘नि’ पायजे की.”

“गप गं. शाळेत आत्ता आत्ता जायला लागलीस, मला शिकवतीस व्हय?”

ती चढली.

पिरनवाडीच्या आसपास कंडक्टर आला. दोन निपाणी, म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. “निपाणी? अहो अण्णा, ही जांबोटीला चालली की. रानात बारसं करताय काय?” — आक्काच्या नातवासाठीचं झबलं माझ्या पिशवीतनं वर डोकावत होतं. अख्खी गाडी हसली.

आणि मी — हे सांगायलाच एवढा वळसा घेतला — मी तनूच्या डोक्यावर टपली मारून म्हणालो, “ह्या बाईनं बोर्ड वाचला. पयलीत हाय, लई हुशार.”

गाडी पुन्हा हसली, आता तिला. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, पाटीवर फुली पडल्यावर बघतात तसं. आपलंच चुकलं असणार, आप्पांना येतंय की. मग मान खाली घातली.

पिरनवाडीला उतरून मागं फिरलो. निपाणीला पोचलो तेव्हा बाळाचं नाव ठेवून झालं होतं. उशीर का, म्हणून सगळ्यांनी विचारलं आणि मी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली. छान रंगली. तेव्हापासून ती दरवेळी थोडी वाढते. एका लग्नात तर गाडीत शेळीही आली.

तनू आता कॉलेजात आहे. गेल्या महिन्यात उचगावला पुतणीच्या साखरपुड्यात मला बोलवायच्या आधीच ती उठली आणि तिनंच गोष्ट सांगितली — माझे हातवारे, माझा आवाज, शेळीसकट आम्हाला पार जांबोटीला पोचवून. शेवटी म्हणाली, “तवापासनं मी कानडी बोर्ड वाचायच्या भानगडीतच पडत न्हाय. माझं चुकतंय. सरळ कुणाला तरी विचारते.”

सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा तरी सांगता आलं असतं. ती समोरच होती, माझ्याकडं बघतही होती, आणि मी बोलायला तोंड उघडलंही.

“जांबोटीपत्तूर न्हाई गं गेलो,” मी म्हणालो, “पिरनवाडीलाच उतरलो.”