शेगड्या बंद केल्या ती दुपार

जाऊबाई पुण्याला लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या आणि कडक भाकरीचा कारखाना माझ्या एकटीच्या गळ्यात पडला. कारखाना म्हणजे काय, सोलापुरात आमच्या घरामागे पत्र्याची शेड, आठ गॅसशेगड्या आणि भाकरी थापणाऱ्या अकरा बायका. सुरू केला जाऊबाईंनी. पण पीठ कधी संपेल, कुणी कुठल्या शेगडीवर बसायचं, पुण्याचा माल कुठल्या गाडीत चढवायचा, हे पहिल्यापासून मीच बघायचे. जाऊबाईंना स्वतःची वहीसुद्धा वेळेला सापडायची नाही. त्यामुळे त्या गेल्यावर काही अडेल असं वाटलंच नव्हतं. खरं सांगायचं तर, आता तरी सगळं नीट चालेल असं मनात आलं होतं.

आणि चाललंही. भिंतीवर पाळ्यांचा तक्ता लावला. माल वेळेवर जाऊ लागला. मी शेडमध्ये शिरले की बायकांच्या गप्पा थांबायच्या, ते मला शिस्तीचं लक्षण वाटायचं. फक्त संध्याकाळी मी पार गळून जायचे. प्रत्येक गोष्ट मलाच सांगावी लागायची, आणि सांगितली तेवढीच व्हायची.

एप्रिलच्या शेवटी पुण्याच्या एका दुकानदाराची मोठी ऑर्डर आली. मी दुपारची सुट्टी निम्म्यावर आणली आणि तक्त्यावर तसं लिहिलं. कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी, बाहेर ऊन रणरणत असताना, भाकरी उलटता उलटता एक बाई तव्याशेजारीच कोसळली.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सांगायला लाज वाटते, पण मी आधी तक्त्याकडे बघितलं. तिच्या जागी कुणाला बसवता येईल, ते शोधत होते.

तेवढ्यात मावशी उठल्या. मावशी म्हणजे आमच्याकडची सगळ्यात जुनी बाई, जाऊबाईंबरोबर पहिल्या दिवसापासून असलेली. त्यांनी एकेक करत आठही शेगड्या बंद केल्या. मग पडलेल्या बाईला दाराशी सावलीत आणलं आणि ओला पदर तिच्या तोंडावरून फिरवला.

"मावशी, ऑर्डर आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"ठावं हाय की." त्यांनी मान वर केली नाही. "रिक्षा बोलवा आदी."

दवाखान्यात सलाईन लावलं. तासाभरानं ती बाई डोळे उघडून बोलायला लागली, तेव्हा बाहेरच्या बाकावर मी मावशींना विचारलं, "एवढा त्रास होत होता तर मला सांगायचं ना."

"तुमी इचारलं कुटं, ताई? मोठ्या बाई सोता तव्यावर बसायच्या. त्यांना सांगायला लागत न्हवतं."

मला राग आला. मग राग धरून ठेवायचाही कंटाळा आला.

दुकानदाराला फोन करून सांगितलं, निम्माच माल मिळेल. तो कुरकुरला आणि उरलेलं काम त्यानं दुसरीकडे दिलं. दुसऱ्या दिवशी मी तक्ता काढला आणि बायकांना विचारलं, कसं करायचं? मावशी म्हणाल्या, "पाटं पाचला येतो. ऊन चढायच्या आत उटतो." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"मग तुम्हीच सांभाळा ना सगळं," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

त्या हसल्या. "मला वाचाय येत न्हाय. गाडी कंची, दुकान कंचं, ते तुमीच बगा."

आता सकाळी दोन तास मीही भाकरी थापते. माझ्या निम्म्या भाकरी तव्यावर टाकतानाच फाटतात, बायका तोंडावर पदर धरून हसतात. गप्पा मात्र आता थांबत नाहीत. काम लावून देणं मला येत होतं. माणसं सोबत घेणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि जाऊबाईंना जे न शिकताच येत होतं, ते मला पन्नाशी उलटल्यावर शिकावं लागतंय. मनगटं दुखतात. शेड बंद करावी असं आठवड्यातून एकदा तरी वाटतं. अजून कुणाजवळ तसं बोलले नाहीये.