बापूंची घागर आणि माझा प्रोसेसर

घरात कुणाची दृष्ट काढायची असली की मी चप्पल घालून बाहेर पडतो. इतका मी या बाबतीत कोरडा माणूस. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण इथे हार्डवेअर समजणारे वाचक बरेच आहेत, म्हणून विचारतोच.

साल दोन हजार दोन किंवा तीन. मी बदनापूरला राहत होतो, लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा करत होतो. मिक्सिंगसाठी घरीच कॉम्प्युटर जोडला होता. मदरबोर्ड जालन्यातून, रॅम औरंगाबादहून, प्रोसेसर स्वस्तातला. मात्र बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला त्याच्या वकुबापेक्षा बराच जास्त पळवायचो. ओव्हरक्लॉकिंग! थंडीत चालून जायचं. मे महिन्यात आमच्याकडे पंखासुद्धा गरम हवा फेकतो, तिथे प्रोसेसरचं काय घेऊन बसलात. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा तांब्याचा मोठा हीटसिंक लावला, कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबलफॅन ठेवला. एका उन्हाळ्यात शहाणपणा करून अख्खा कॉम्प्युटरच वाळ्याच्या कूलरपुढे ठेवला होता! गार झाला खरा, पण ओल्या हवेने रॅमचे पॉइंट हिरवे पडले. तेव्हापासून त्या खोलीत पाण्याचा तांब्यासुद्धा न्यायला बायकोला बंदी.

अक्षय तृतीयेचा दिवस, घरोघरी गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरून पूजायचा. दुपारी सुनीता आली. तीर्थपुरीकडच्या एका गावातली, फाल्गुनात तिचं लग्न मीच शूट केलं होतं. बापाची एकुलती एक. लग्नानंतर महिनाभरात तिचे वडील, बापू, अटॅकने गेले. सुनीताच्या कडेवर नवी कोरी मातीची घागर होती, पाण्याने भरलेली.

"भाऊ, सीडी झाली का? मालकाला सुरतला काम लागलंय. सांजच्या गाडीनं निघून राह्यलो आम्ही."

सीडी झाली नव्हती. मूळ कॅसेट कॅमेऱ्याने चावून टाकलेली. सगळं फक्त माझ्या हार्डडिस्कवर होतं.

"भाऊ, मी निघाल्यावरचं हाये का त्यात?"

होतं. वरात गेल्यावर मी जेवायला बसलो तेव्हा कॅमेरा स्टँडवर तसाच चालू राहिला होता. त्यात काय आलंय ते मी पाहिलंही नव्हतं.

"लेकीचं लगीन लागंपस्तोर बाप जेवत न्हाई," ती म्हणाली. "मंग पंगती वाढण्यात राह्यले. मी गाडीत बसले तव्हा बी उपाशीच होते. नंतर जेवले का न्हाई, कुणालाच याद न्हाई. मला लई लागून राह्यलंय ते."

मी म्हटलं, "कच्चं आहे ते लावून बघू का आत्ताच?"

"नगं. न्हाई जेवले असं दिसलं तर? संगं द्या. हिंमत झाली की बघीन."

साध्या स्पीडला सीडी संध्याकाळपर्यंत होणं शक्य नव्हतं. स्पीड वाढवला. पंगतीच्या सीनपाशी टेंपरेचर सत्तरच्या वर गेलं आणि मशीन हँग. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच हँग. मी घामाघूम. सुनीता कडेवरची घागर काही खाली ठेवत नव्हती.

"ती घागर कशाला घेऊन फिरतेस?" मी जरा चिडूनच विचारलं.

"बापूची पहिली घागर हाये. चुलते म्हणले, लेकीनं भरायची नसते, पुतन्या भरंल. सासरी म्हणले, ह्या घरात तुझ्या बापाची कशाला? मंग इकत घेतली अन् भरली. ठिवू कुठं?" तिने उघड्या कॅबिनेटकडे पाहिलं. "बापू आता हितंच हायेत ना भाऊ? ह्या डब्यात?"

तिने घागर कॉम्प्युटरला खेटून जमिनीवर ठेवली, हात जोडले. पाणी! त्या खोलीत! पण मला "उचल" म्हणवेना. मी तिसऱ्यांदा सुरू केलं.

पंगत आली. टेंपरेचर बासष्ट... पंचावन्न... सत्तेचाळीस. खाली येतंय? मशीन पूर्ण ताणावर होतं. शेवटी एकतीसवर येऊन थांबलं. भिंतीवरचा थर्मामीटर एक्केचाळीस दाखवत होता.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पंख्याने गार केलेली वस्तू खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही. फार तर हवेइतकी होईल. मला वाटलं सेन्सर गेला. हात घालून हीटसिंकला बोट लावलं. गार होता. रांजणाच्या बुडाला हात लावल्यासारखा.

मी घाबरलो नाही. उलट त्या उकाड्यात फार बरं वाटलं, हे आज कबूल करतो.

गाडीच्या बऱ्याच आधी सीडी तयार झाली. मी ती पिशवीत घालत होतो तेवढ्यात सुनीता म्हणाली, "लावा भाऊ. शेवटचं लावा."

रिकामा मांडव. उष्ट्या पत्रावळी गोळा करणाऱ्या बाया. एका कोपऱ्यात बापू, फेटा मांडीवर काढून ठेवलेला, समोर पान. बुंदी बाजूला सारून ते वरणभात कालवत होते. सावकाश, पोटभर जेवत होते. मधेच कुणाला तरी हात करून अजून भात मागितला.

सुनीताने पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती, सांगता येत नाही. "मागून घेतला," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेच मशीन, तोच स्पीड, तोच पंखा... दहा मिनिटांत हँग. मी घरातली एक घागर भरून तिथे ठेवूनही पाहिली, हसू नका. काही फरक पडला नाही. जाणकारांना विचारलं तर सगळे म्हणतात, सेन्सर बिघडला असणार. असेल. मग माझ्या बोटाला काय झालं होतं, आणि हँग होणारं मशीन तेवढं एक काम पुरं करून कसं गेलं, याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर सांगा. पण खरं सांगू? नाही मिळालं तरी आता माझं काही अडत नाही.