शेरभर पेट्रोल आणि श्रीपतराव

निरोप एस.टी.च्या कंडक्टरनं आणला. मुळशीहून आलेली सकाळची गाडी स्टँडवर लागल्यावर तो थेट माझ्या कापडाच्या दुकानात आला, पाणी मागितलं आणि म्हणाला, "तुमचं साडू गेलं वो. श्रीपतराव. खाचराच्या बांधावर बसलं ते उठलंच न्हाईत..." मी हातातला गज खाली ठेवला. समोर गिऱ्हाईक परकराच्या कापडासाठी खोळंबलं होतं. आणि मला, अगदी खरं सांगायचं तर, राग आला. रडू नंतर आलं, घरी बायकोला, कमलला सांगताना. पण आधी आला तो राग. कारण भात कापून झालं की श्रीपतराव मला त्यांची फटफटी चालवायला देणार होते. इतकी वर्षं टाळाटाळ करून शेवटी तोंडानं कबूल केलं होतं, आणि कापणी तोंडावर आली असताना हा माणूस निघून गेला!

हे वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटेल, म्हणून सगळं सांगतो. श्रीपतराव म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे, इंदूचे यजमान. मुळशीत धरणाच्या पाण्याकाठी त्यांची भातशेती. आम्ही दोघांनी फटफट्या घेतल्या त्या एकाच कंपनीच्या, एकाच दुकानातून, एकाच दिवशी. रंगसुद्धा दोन्हींचा काळाच. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्याकडे जेवायला बसले असताना श्रीपतराव घास गिळून शांतपणे म्हणाले, "साडूभाऊ, तुमची गाडी लई पिती." झालं. त्या एका वाक्यानं माझे किती रविवार खाल्ले याची मोजदाद मी केलेली नाही, करणारही नाही.

परीक्षेची पद्धत त्यांनीच ठरवली. मुळशीला त्यांच्या अंगणात दोन्ही टाक्या रिकाम्या करायच्या, प्रत्येकीत एकेक शेर पेट्रोल मोजून घालायचं, मागं बायकोला बसवून पौडच्या रस्त्याला लागायचं आणि इंजिन बंद पडेल तिथं उतरायचं. मोजायला माप कुठलं, तर इंदूचं दुधाचं! त्यानंतर आलेल्या चहाला जो वास होता तो अजून माझ्या घशात आहे. मी कप बाजूला सारला तर श्रीपतराव म्हणतात, "प्या वो, तुमचं बी ॲव्हरेज वाढंल." जो आधी बंद पडेल त्यानं दुसऱ्याच्या खुणेपर्यंत गाडी ढकलत न्यायची, हा आणखी एक नियम. त्याचाही कर्ता कोण हे सांगायला नको. दर खेपेला माझी गाडी कासार आंबोलीपाशी आचके देऊन थांबायची, आणि हे टुकुटुकु पुढं, पार पिरंगुटच्या पहिल्या घरांपर्यंत. मी घामाघूम होऊन पोचलो की कुणाच्या तरी ओट्यावर शेंगा फोडत बसलेले. "आलात? बरं झालं. ऊन चढायच्या आत आलात."

मी काय काय केलं नाही! कार्बोरेटर धुतला, टायरात हवा जास्त भरली, पायातले जड बूट काढून चपला घातल्या. उतारावर श्रीपतराव इंजिन बंद करत असतील म्हणून एकदा मुद्दाम त्यांच्या मागं राहून कान देऊन ऐकत गेलो, तर इंजिन अगदी प्रामाणिकपणे चालू. शेवटी मी म्हणालो, इंदू अंगानं काडी आहे, आमची कमल जरा... भरलेली, म्हणून तुमची गाडी लांब जाते. कमल तेव्हा माझ्या मागंच उभी होती. तो आठवडा कसा गेला ते सोडून देऊ. पण पुढच्या खेपेला श्रीपतरावांनी तोड काढली: कमल त्यांच्या मागं बसेल, इंदू माझ्या. पौडच्या स्टँडसमोरून जाताना चहावाला ओरडला, "आवो श्रीपतराव, मागलं सामान बदललंया जनू!" एखादा शहाणा माणूस मान खाली घालून निघून गेला असता. ह्यांनी गाडी थांबवली आणि भर चौकात त्याला समजावलं, "आरं, वजनाची परीक्षा हाय!" त्यावर अख्खा स्टँड हसला. इंदूनं पदरात तोंड लपवलं. कमल म्हणाली, "पुढच्या टायमाला मी एस्टीनं येनार. तुमी दोघं बसा एकमेकांच्या मागं." आणि इतकी शोभा होऊनही निकाल तोच. मी कासार आंबोली, ते पिरंगुट.

"गाडीत काय न्हाई वो," ते म्हणायचे. "हातात हाय."

मग द्या की तुमची गाडी माझ्या हातात! एवढंच माझं म्हणणं होतं. तुम्ही माझी चालवा, मी तुमची चालवतो, काय ते एकदाचं कळेल. यावर हा बोलका माणूस एकच वाक्य बोलायचा. "माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात चालत न्हाई." कधी लावणी आडवी यायची, कधी मळणी, कधी नुसतंच आभाळ. मला कळेना की हा माणूस एवढा कशाला घाबरतो. गाडीच चांगली आहे हे ठरलं असतं तर त्यांचं काय बिघडणार होतं? आणि हातच चांगला ठरला असता तर... ते मात्र मला परवडलं नसतं, हे खरं.

एवढं लिहिल्यावर वाटतं, माणूस नुसता छळवादी होता की काय. तसं नव्हतं. नवा आंबेमोहोर घरात आला की पहिलं पोतं आमच्याकडे यायचं. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला मुळशीच्या वैद्याचाच गुण येतो म्हणून पावसापाण्यात औषध घेऊन यायचे, ओल्या कपड्यांनी तिच्या उशाशी बसायचे, आणि जाता जाता जिन्यात माझ्या कानाशी लागायचे, "चोक उघडा ठिवताय का काय तुमी?"

यंदा श्रावणात मात्र जेवण झाल्यावर स्वतः होऊन म्हणाले, "भात कापलं की न्या माझी गाडी. एक डाव हून जाऊ द्या." मी लढाई जिंकल्यासारखा घरी आलो होतो.

तेराव्यानंतर आम्ही एस.टी.साठी निघालो तेव्हा इंदूनं किल्ली आणून दिली. "न्या, भाऊजी. ते बोलले व्हते." मी नको म्हणालो. ती आत गेली, माप घेऊन आली आणि रिकाम्या टाकीत स्वतःच्या हातानं पेट्रोल ओतलं. "शेरभर हाय. बघून घ्या." पुढच्या वाटेचं पेट्रोल डब्यात भरून तिनं हँडलला बांधलं आणि मागं न बघता घरात गेली.

कमल मागं बसली. पौड गेलं. कासार आंबोली आली, आणि गेलीसुद्धा! मी ओरडलो, "बघ! गाडीच! इतकी वर्षं गाडीच होती!" आणि पिरंगुटची घरं समोर दिसत असताना तिनं आचका दिला, दुसरा दिला, आणि थांबली. माझ्या खुणेच्या पुढं, त्यांच्या खुणेच्या अलीकडं. धड गाडी नाही, धड हात नाही. इतक्या वर्षांच्या वादाला काय हे उत्तर झालं?

"डबा हाय की," कमल म्हणाली. "वता आन् चला."

"पिरंगुटपर्यंत ढकलायची. नियम आहे."

"अहो, आता कुणाला दाखवायचंय?"

मी ढकलू लागलो. ती मागून चालत होती. जरा वेळानं म्हणाली, "ते असते तर म्हनाले असते, साडूभाऊ, म्हस पिळावी तशी मूठ पिळताय तुमी."

"मी पिळत नाही! गाडी इतके दिवस उभी होती. प्लगवर काजळी धरली असणार."

"तुमची तर बारा म्हैने दुकानाम्होरं उभी असती. तिला न्हाई धरत काजळी?"

"वारं उलटं होतं!"

"पान तरी हालतंय का? दाखवा."

मी थांबून वळलो. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण हनुवटी वर होती. "बोला की आता," ती म्हणाली. मी बोललो. चढ आठवून सांगितला, खड्डे सांगितले, ऊन सांगितलं. ती एकेक मुद्दा खोडत राहिली, अगदी त्यांच्यासारखा, मध्येच थांबून, शांतपणे. पहिल्या घरापाशी ओट्यावर बसलेली एक म्हातारी आमच्याकडं बघत होती.

"काय गं बाई, कशापाय भांडताय?"

"हे हरायला तयार न्हाईत," कमल म्हणाली.

"आन् समोरचा कोन?"

मी मागं वळून पाहिलं. दिसेल तिथवर रस्ता मोकळा होता.