एकाला एक फूल

“थांब. अजून ह्येच्याकडं बगून झालं न्हाई.”

चंद्राकाकी माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. वरंध घाटाकडच्या त्यांच्या गावी मी भोरहून गेले होते, संध्याकाळच्या एसटीच्या मागणीसाठी सह्या गोळा करायला. गावाचं नाव का सांगत नाही ते पुढे कळेल. सत्तरीच्या काकी बांधावर मांडी घालून बसलेल्या, समोर तेरड्याचं एकच फूल, आणि मी हातात अर्ज घेऊन ताटकळत उभी. पुरी दहा मिनिटं!

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबांचा छोटा छापखाना, जेवणाचं पान मांडायचं तर आधी कालची पत्रकं उचलावी लागत. ध्यान, समाधी असे शब्द ऐकले की माझं डोकंच फिरायचं. मी तडकून म्हणाले, “काकी, जग पेटलंय आणि तुम्ही फुलाकडे बघत बसलाय?”

“मंग इझवायला पानी कुठं हाय त्ये तरी बगशील का न्हाई?” त्या म्हणाल्या आणि अर्ज ओढून घेतला. सावकाश वाचला. “साडेपाचची गाडी लिवलीस व्हय? शाळा सुटती पाचला, पोरींना ओढा वलांडून थांब्यावर यायला पाऊण तास लागतो. सहाची लिव.”

पन्नास सह्या झाल्या होत्या, एकालाही हे दिसलं नव्हतं. मलाही नाही!

तेव्हापासून मी वरचेवर जाऊ लागले. काकींची रीत साधी होती. रोज सकाळी शेतावर जाताना वाटेत दिसेल ते एक फूल धरायचं. म्हणजे डोळ्यांनी, हाताने नव्हे. कधी सोनकी, कधी भोपळ्याचं. श्वास येतो-जातो तिकडे लक्ष असू द्यायचं, नजर फुलावर. “भात लावताना आख्ख्या खाचराकडं बगितलं की कंबर दुखती,” त्या सांगायच्या. “हातातल्या रोपाकडं बगायचं. ह्ये बी तसंच.” मला दोन मिनिटांतच पायाला मुंग्या यायच्या. त्या हसायच्या, “तुजं डोकं लई आवाज करतंय पोरी, मला हितं ऐकू येतंय.”

मग कारवी फुलली. सात वर्षांतून एकदा फुलणारी. देवळामागचा अख्खा उतार निळा-जांभळा, मधमाश्यांचा असा गजर की बोलणं ऐकू येईना! काकी रोज तिथे जाऊन बसू लागल्या. ही बहुतेक त्यांच्या वाट्याची शेवटची कारवी होती, आणि त्यांना ते माहीत होतं.

मला राहवलं नाही. मी पत्रक काढलं. ‘डोंगर बघा, डोंगर वाचवा!’ खाली गावाचं नाव, एसटीचा थांबा, पायवाटेची खूण, सगळं नीट छापलं. कोणीतरी ते मोबाईलवर टाकलं. पुढच्या रविवारी गाड्यांची रांग लागली. लोक झुडपांत घुसून फोटो काढत होते, एक बाई मिठीत मावेल तेवढ्या फांद्या तोडून परत निघाली होती, आणि वाटेकडचा पट्टा भुईसपाट.

काकी मला म्हणाल्या, “फूल झडलं की बोंड, बोंडात बी. ही झाडं आता मरत्यात. बी न्हाई पडलं तर हितं काय उगवंल, तुजी पत्रकं?”

मी रडायच्या बेतात. त्यांना माझ्या रडण्याला वेळ नव्हता. त्यांनी पायवाटेच्या तोंडाशी काठी आडवी धरली. “एकाला एक फूल. हात लावायचा न्हाई. दहा मिंटं बसायचं, मंगच म्होरं.”

गॉगलवाला एक जण हसला. “मावशी, तिकीट लावलंय काय?”

“व्हय. दहा मिंटांचं. सुट्टं न्हाई माज्याकडं, पुरी दहा द्यावी लागत्याल.”

लोक हसले, आणि हसता हसता बसले! पाच, दहा, मग तीसेक माणसं वाटेच्या कडेने, प्रत्येकासमोर एक फूल. काही जण चिडून परत गेले, जाऊ देत. गॉगलवाल्याने मध्येच गॉगल काढला. नंतर हळूच म्हणाला, “मावशी, एवढ्या वेळात यात सहा माश्या येऊन गेल्या.”

“तोडलं असतंस तर कुठं गेल्या असत्या?”

तो पुढे गेलाच नाही. काठीचं दुसरं टोक धरून उभा राहिला. फुलोरा सरेपर्यंत प्रत्येक रविवारी आम्ही तिघं ती वाट अडवून होतो. इतक्या सभा केल्या, पण इतकी शांत आणि इतकी ठाम सभा मी पाहिली नव्हती!

माघात काकी गेल्या. चार दिवसांचा ताप, बस्स.

वैशाखात त्यांच्या सुनेचा, शालनवहिनीचा फोन आला, “वर ये. आत्यांनी काम सांगून ठेवलंय.” गेले. उतारावर कारवीच्या वाळक्या काठ्या उभ्या होत्या, आणि काठीकाठीवर भरलेली बोंडं! फक्त वाटेकडचा, माझ्या पत्रकाने तुडवलेला पट्टा बोडका होता. वहिनीने ओंजळभर बी माझ्या हातात दिलं. “ह्यो पट्टा तुज्याच हातनं पेरायचा, असं म्हनल्या व्हत्या.”

मी गुडघे टेकले आणि बोटाने पहिली रेघ ओढली. माती तापलेली होती. वहिनी म्हणाली, “हळू. एकेक टाक. सात वर्सं हायेत आपल्याकडं.”